आत्यांचे पाचशे तास

औषधं विकायला दुकान मांडून बसलेली आणि तरीही औषध विकायला सर्वांत नाखूश असलेली बाई अख्ख्या नवी मुंबईत एकच होती, आणि माझं नशीब असं थोर की मला फार्मासिस्ट म्हणून नाव नोंदवायला जी सही लागत होती ती नेमकी त्याच बाईंची. त्या माझ्या कुणी नव्हत्या. वर्गातल्या एका मित्राच्या त्या सख्ख्या आत्या, म्हणून माझ्याही आत्या, आणि नेरूळच्या त्या सेक्टरमधल्या झाडून सगळ्यांच्याच आत्या. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले एक पेन्शनर आजोबासुद्धा काउंटरला काठी टेकवून "आत्या, खोकल्याचं काहीतरी द्या" म्हणायचे. मग खोकला कोरडा की ओला, रात्री जास्त की पहाटे, तंबाखू कधीपासून, अशी उलटतपासणी व्हायची आणि शेवटी आत्या त्यांना मिठाच्या गुळण्या सांगून रिकाम्या हाताने परत पाठवायच्या. आजोबा इमानदारीत गुळण्या करायचे. चार दिवसांनी खोकला जायचा आणि त्याच्याबरोबर आमचं गिऱ्हाईकही जायचं.

दुकान सारसोळे गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी होतं. एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला कोळ्यांचं जुनं गाव आणि मध्ये दहा बाय बाराच्या गाळ्यात आत्या. सुती साडी, तिच्यावर कडक इस्त्रीचा पांढरा ॲप्रन, आणि अंबाड्यात खोवलेलं बॉलपेन, जे त्या दिवसातून किमान सहा वेळा टेबलावर शोधायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. सरकारी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या आणि लोक ज्या वयात नातवंडं खेळवतात त्या वयात त्यांनी हे दुकान घातलं. समोरच्या फुटपाथला आणखी एक केमिस्ट होता. तो मागाल ते द्यायचा, न मागितलेलंही द्यायचा. एकदा सोसायटीतल्या एका बाईंनी मुलाच्या दहावीसाठी स्मरणशक्तीचं टॉनिक मागितलं. "मुलगा झोपतो किती?" आत्यांनी विचारलं. बाई अभिमानानं म्हणाल्या, "चारच तास." "मग त्याला सात तास झोपू द्या. माझ्याकडे याहून चांगलं टॉनिक नाही." बाई तावातावानं रस्ता ओलांडून गेल्या आणि समोरून दोन बाटल्या घेऊन परतल्या. परतताना बाटल्या आम्हाला दिसतील अशा धरल्या होत्या.

पण आत्यांचा खरा दरारा होता तो 'परत सांगा' या दोन शब्दांचा. औषध कसं घ्यायचं ते त्या एकदा सावकाश सांगायच्या, आणि मग पुडी हातात घट्ट धरून म्हणायच्या, "परत सांगा." गिऱ्हाइकानं ते सगळं बिनचूक म्हणून दाखवल्याशिवाय पुडी काउंटर ओलांडत नसे. सारसोळ्याच्या कोळणींना याची इतकी सवय झाली होती की त्या पाटी पायरीवर ठेवता ठेवताच सुरू व्हायच्या, "सकालचे एक, राती एक, जेवल्यावं. दुधासंगती नाय." आत्या खूश. पंचाईत व्हायची ती सोसायटीवाल्यांची. टाय लावलेले एक गृहस्थ एकदा पित्ताच्या गोळ्या न्यायला आले. घाईत होते. "मॅडम, मी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "मग तुमचं पटकन होईल," आत्या म्हणाल्या, "सांगा." त्यांनी सांगितलं आणि चुकीचं सांगितलं. उपाशीपोटीची गोळी त्यांनी जेवणानंतर ढकलली. मागे उभी असलेली कोळीण हळूच म्हणाली, "उपाशीपोटी, भाऊ." गृहस्थांनी मान खाली घालून दुरुस्ती केली. त्यानंतर ते कधी आजारी पडले नाहीत, निदान आमच्या दुकानासाठी तरी.

आता थोडं माझ्याविषयी. बारावीच्या मार्कांनी आधी डॉक्टरकीचा, मग इंजिनिअरिंगचा आणि शेवटी फार्मसीच्या डिग्रीचाही दरवाजा लावून घेतल्यावर मी डिप्लोम्यात शिरलो. तिथे औषधांची नावं पाठ करायच्या विषयात दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा तपासणाऱ्याच्या दयेनं सुटलो. डिप्लोमा हातात पडला की झालो फार्मासिस्ट, अशी माझी समजूत होती. पण नियम असा की त्यानंतर किमान तीन महिने एखाद्या रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या हाताखाली पाचशे तास काम करायचं. त्यातले निम्मे तास डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरची औषधं स्वतः द्यायची. मग त्या फार्मासिस्टनं फॉर्मवर सही-शिक्का करायचा, तो फॉर्म मुंबईतल्या फार्मसी कौन्सिलच्या खिडकीत द्यायचा, आणि मग तुमचं नाव रजिस्टरात चढणार. वर्गातल्या बाकीच्यांनी ही पायरी बसल्या जागी चढली. कुणाचा मामा, कुणाचा दाजी, कुणाच्या बिल्डिंगखालचा केमिस्ट. पाचशे तास पाच मिनिटांत. मी मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "आपली आत्या आहे की! घरची सही." तो स्वतः मात्र आत्या सोडून मामाकडे गेला होता, आणि हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मला सहीची घाई असण्याचं कारण खारघरला होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि खारघर नुकतं कुठे उगवत होतं. माणसांपेक्षा खड्डे जास्त आणि खड्ड्यांपेक्षा बिल्डरांच्या पाट्या जास्त. वडिलांच्या ओळखीच्या एका काकांनी तिथे मेडिकलसाठी गाळा घेतला होता. गुढीपाडव्याला उद्घाटन करायचं त्यांनी ठरवलं होतं आणि दुकानाचं लायसन्स मिळायला त्यांना एक फार्मासिस्ट हवा होता. म्हणजे खरं तर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट हवं होतं. "तू यायची गरज नाय," ते म्हणाले, "तुझं सर्टिफिकेट आलं की बास. भिंतीवर लावू, मस्त फ्रेम करू. औषधं काय, आमचा माणूस देईल, त्याला रंगावरून सगळं कळतं. महिन्याला घरबसल्या पाकीट. टेन्शनच नाय." मला ही योजना अतिशय आवडली. मी भिंतीवर लटकत असेन आणि मी घरी लोळत असेन, एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची ही सोय योगी पुरुषांनाही अवघड जाते. आमच्या घरात तर माझी नोकरी लागल्यासारखाच आनंद झाला. आईनं सोसायटीत पेढे वाटले, आणि लोकांनी कुठे लागला विचारलं की ती "खारघरला, स्वतःच्या नावावर" असं सांगायची.

तेव्हा सप्टेंबरातल्या एका सकाळी मी फॉर्म घेऊन आत्यांसमोर उभा राहिलो आणि नम्रपणे म्हणालो, "आत्या, एक सही हवी होती." त्यांनी फॉर्म वाचला. पुढून वाचला, मागून वाचला, अगदी छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग मला एक जुना ॲप्रन दिला आणि म्हणाल्या, "देते की. पाचशे तासांनी."

मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी शाळेची दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर माझं नाव घातलं आणि घड्याळात बघून "चालू" म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं आयुष्य 'चालू' आणि 'थांबले' या दोन शब्दांत आलं. मी चहाचा कप उचलला की आत्या फडताळाकडे तोंड करूनही म्हणायच्या, "थांबले." कप खाली ठेवला की "चालू." मित्राचा फोन आला, थांबले. क्रिकेटचा स्कोअर विचारायला बाहेर डोकावलो, थांबले. एकदा मी नुसताच टेबलाला टेकून विचार करत होतो, तेही त्यांनी थांबवलं. "मी औषधांचाच विचार करत होतो," मी म्हटलं. "चेहऱ्यावरून वाटलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. पहिले तीन आठवडे त्यांनी मला गिऱ्हाइकाला हात लावू दिला नाही. फडताळं पुसायची, मुदत संपायला आलेली पाकिटं वेगळी काढायची आणि प्रत्येक पाकिटावरचा बारीक छापील मजकूर वाचायचा. ज्या नावांनी मला दोनदा नापास केलं होतं ती सगळी तिथे रांगेनं उभी होती. पहिल्या महिन्याच्या शेवटी माझ्या अंदाजानं दोनशे तास झाले होते आणि वहीत एकशे बारा.

तरीही मी टिकलो. चिकाटी वगैरे माझ्या अंगात नाही. खारघरच्या भिंतीवर माझी जागा पक्की होती म्हणून टिकलो. हळूहळू मला चिठ्ठ्या वाचता यायला लागल्या, गोळ्या न सांडता मोजता यायला लागल्या, आणि मीसुद्धा रुबाबात 'परत सांगा' म्हणायला लागलो. जानेवारीच्या मध्यावर वहीत चारशे एक्क्याऐंशी तास झाले. आणखी तीन-चार दिवसांचा प्रश्न होता. मी मनातल्या मनात ॲप्रन काढूनसुद्धा ठेवला होता.

त्या दुपारी आत्या मागच्या बाजूला आलेला माल लावत होत्या. सारसोळ्याहून एक तरुण सून चिठ्ठी घेऊन आली. एरवी तिची सासू यायची, ही पहिल्यांदाच आली होती आणि बावरलेली होती. घरी दीड वर्षाचं पोर तापानं फणफणलं होतं. डॉक्टरांनी लहान मुलांचं ते नेहमीचं औषध लिहिलं होतं, ज्याच्या बाटलीत नुसती कोरडी पावडर असते. घरी उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, मग त्याचं पातळ औषध होतं. मी बाटली काढली आणि तेवढ्यात दुकानासमोर खारघरच्या काकांची स्कूटर थांबली. "अरे, फ्रेमवाला विचारतोय, सोनेरी करू की सागवानी?" काका स्कूटरवरूनच ओरडले. प्रश्न गहन होता. मी काकांकडे बघत बाटली सुनेच्या हातात दिली, "दिवसातून तीन वेळा, अर्धा अर्धा चमचा" म्हटलं आणि बाहेर गेलो. सागवानीच चांगली दिसेल असं आमचं ठरलं. परत आलो तेव्हा ती निघून गेली होती. पाणी मी तिला सांगितलंच नव्हतं, आणि 'परत सांगा' तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू बाटली घेऊन पायरीवर उभी. "आत्या, पोराचा ताप उतरत नाय," ती म्हणाली, "आनि ह्ये औषद त्याचे टालूला चिकटतंय. ठसकतंय, वकतंय. कसा पाजाचा?" आत्यांनी बाटली हातात घेऊन हलवली. आतून कोरडा खुळखुळ असा आवाज आला. तो आवाज मला आजही ओळखता येईल. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांना फोन केला, नवी बाटली काढली, मोजमापाची टोपी घेतली आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. भर दिवसा ते शटर खाली आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सारसोळ्यापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता आहे. तो मी आत्यांच्या मागे मान खाली घालून चाललो आणि सबंध रस्ताभर माझ्या मनात एकच होतं, की पोराला काही झालं तर. घरात पोर आईच्या मांडीवर पडलं होतं, डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कडेला पांढरी पावडर सुकलेली. आईचे डोळे रडून सुजले होते, कारण रात्रभर घरातले सगळे तिलाच बोलत होते, तुला साधं औषध पाजता येत नाही म्हणून. डॉक्टर आमच्या पाठोपाठच आले. त्यांनी पोराला नीट तपासलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण औषध पोटात गेलेलंच नाही, आता तरी वेळच्या वेळी आणि बरोबर द्या असं बजावून गेले. मग आत्या त्या सुनेसमोर जमिनीवर बसल्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर त्यांनी हात जोडले. "पोरी, तुझं काही चुकलं नाही," घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझ्या दुकानातून औषध अर्धवट सांगून दिलं गेलं. चूक माझी आहे. मला माफ कर." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांनी मला चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मी आभार मानले असते, इतकी मला माझी लाज वाटली.

"बाटली तू कर," त्या मला म्हणाल्या. मी पाणी उकळलं, परातीत भांडं ठेवून गार केलं, बाटली आपटून पावडर मोकळी केली, खुणेपर्यंत पाणी घातलं, हलवलं, फेस बसल्यावर पुन्हा थोडं घातलं. परीक्षेत हे मी एका ओळीत लिहिलं होतं. इथे शेजारपाजारच्या आठ-दहा बायका कोंडाळं करून माझ्या हातांकडे बघत होत्या. पोराला पहिला डोस गेला. आत्या म्हणाल्या, "सांग." मी सांगितलं. मग सुनेनं परत सांगितलं, मग सासूनं, आणि मग कुणी न विचारता शेजारणींनीही. त्या सासूनं मला चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवून. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, त्यामुळे बिस्किटांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना आत्या आपल्याशीच बोलावं तशा म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या खिडकीला जाळी होती. खाली हात जाईल एवढी फट. तीस वर्षं मी नुसते हात बघितले. पुडी सरकवायची, हात निघून जायचा. पुढे त्या माणसानं ते कसं घेतलं, घेतलं का, बरा झाला का, काही कळायचं नाही. दुकान घातलं ते जाळी नको म्हणून." दुकान जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "तुझे तास किती झाले?"

"चारशे एक्क्याऐंशी."

"शून्य," आत्या म्हणाल्या आणि शटर वर केलं.

आता इथे मला पश्चात्ताप झाला, मी सगळं मुकाट्यानं स्वीकारलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी भांडलो. नियमात असं कुठेच नाही म्हणालो. "नियम कौन्सिलचा," आत्या म्हणाल्या, "सही माझी." पुन्हा पाचशे म्हणजे पाडवा गेला, खारघर गेलं, आईचे पेढे गेले. संध्याकाळी मी कोरा फॉर्म घेऊन तरातरा रस्ता ओलांडला. समोरच्या केमिस्टनं एका हातानं गिऱ्हाइकाला गोळ्या कापून देता देता दुसऱ्या हातानं सही केली, शिक्का मारला आणि माझं नाव विचारायला विसरला. ते मी घरी जाऊन भरलं.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला कौन्सिलच्या ऑफिसात पोचलो तेव्हा खिडकीसमोर मोठी रांग होती. माझ्यापुढे दोघे उरले असताना जेवणाची सुट्टी झाली. मी बाकड्यावर बसलो आणि करायला काही नव्हतं म्हणून फॉर्म वाचला. चार महिन्यांत छापील मजकूर वाचायची सवय लागली होती ना. त्यात लिहिलं होतं की या उमेदवारानं माझ्या देखरेखीखाली औषधं दिली आहेत. आणि मला खारघरचं दुकान दिसायला लागलं. नवीन बिल्डिंगा, नवीन लग्न झालेली जोडपी, घरात सांगायला सासू नाही, आणि रंगावरून औषध ओळखणारा काकांचा माणूस. त्यातली एखादी पोरगी तापलेलं पोर घरी ठेवून धावत येणार, आणि तिला पाणी कोण सांगणार? भिंतीवर सागवानी फ्रेममध्ये मी असणार, पण फ्रेममधून बोलता येत नाही. मला फार भीती वाटली. कायद्याची नाही, त्या खुळखुळ आवाजाची. मी उठलो. खरं तर आधी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले आणि मग घरचा रस्ता धरला. फॉर्म फाडून टाकला असंही नाही. घडी घालून खिशात ठेवला, न जाणो म्हणून. पुढे तो पँटबरोबर धुतला गेला.

नेरूळला उतरल्यावर मी आधी सारसोळ्याला गेलो. पोराचा ताप उतरला होता आणि ते दारात बसून डबा आपटत होतं. मला बघून ती सून आत गेली, बाटली घेऊन बाहेर आली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पानी खुनेपर्यंत. हलवून देवाची. दिसातून तीनदा, अर्धा चमचा. सात दिसांनी उरली तं फेकाची." मी "बरोबर" म्हणालो. आजवर इतकी माणसं मला काय काय बोलली, पण त्या पाठांतरानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानंच वाटलं नाही. मग दुकानात गेलो. आत्या चिठ्ठी वाचत होत्या. मी कुठे गेलो होतो ते त्यांनी विचारलं नाही. समोरच्या केमिस्टनं सगळ्या फुटपाथला सांगितलं होतं, म्हणजे त्यांना ठाऊक असणारच. "ॲप्रन खुंटीला आहे," एवढंच म्हणाल्या. मी तो चढवला. घड्याळाकडे बघून त्या म्हणाल्या, "चालू."

काकांना फार्मासिस्ट दोन दिवसांत मिळाला. भिंतीवर जायला मंडळी कमी नव्हती. आईला पेढ्यांचं काय सांगायचं ते कळेना, वडील महिनाभर माझ्याशी वर्तमानपत्राच्या आडून बोलले. मी पुन्हा शून्यापासून पाचशेपर्यंत गेलो. शेवटच्या दिवशी आत्यांनी हात धुतले, पुसले, फॉर्म पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचला आणि सही केली. साधी, शाळकरी वळणाची, सगळी अक्षरं वाचता येतील अशी. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "उठ, गिऱ्हाईक आलंय."

पुढे आत्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांनी दुकान आवरलं. माझ्या मित्रानं, म्हणजे त्यांच्या भाच्यानं, खारघरला घर घेतलं होतं, तिथे त्या राहायला गेल्या. योगायोगानं मलाही खारघरलाच एका दुकानात काउंटरवर उभं राहायची नोकरी लागली होती. भिंतीवर नव्हे, काउंटरवर. एका संध्याकाळी पाहतो तर रांगेत आत्या. हातात चिठ्ठी. मी धावत पुढे गेलो, "आत्या, तुम्ही रांगेत कशाला?" तर डोळे वटारून म्हणाल्या, "लोक उभे आहेत ना?" त्यांचा नंबर आल्यावर मी चिठ्ठी वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. हृदयाची औषधं होती. चार प्रकारच्या गोळ्या, त्यातली एक अशी की घेण्यात जराशी चूक झाली तर जिवावर बेतावं. मी प्रत्येक पाकीट दोनदा पाहिलं, वेळा लिहिल्या, सगळं सावकाश सांगितलं आणि पुडी त्यांच्यापुढे केली. आता त्या पुडी उघडणार, एकेक पट्टी उजेडात धरून वाचणार, म्हणून मी चष्म्यासाठी जागा करून दिली. आत्यांनी पुडी तशीच, न उघडता, पिशवीत टाकली.

"आत्या, एकदा बघून तरी घ्या," मी म्हणालो.

"तू दिलंस ना?" त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या.

रांगेतले पुढचे गृहस्थ चिठ्ठी माझ्यापुढे नाचवत होते, घाईत होते, पण मी त्यांना थांबवलं. आत्या एकेक पाऊल टाकत कोपऱ्यावर वळेपर्यंत मी कुणालाही औषध दिलं नाही. समोरचं अक्षर धूसर दिसत असताना देऊ नये, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.